एकट्यानं केलेला गेम


एक अख्खा गेम एकटा माणूस करू शकतो का?
हो, करू शकतो.

अमेरिकेतल्या सिएटलचे एरिक बरोन.
संगणकशास्त्राची पदवी होती, पण नोकरी मिळेना.
मग त्यांनी शेतीवरचा एक गेम करायला घेतला.
नाव, स्टारड्यू व्हॅली.

चित्रं त्यांची.
संगीत त्यांचं.
प्रोग्रॅमिंगही त्यांचंच.
सगळं एकट्यानं!

गेममधल्या गावकऱ्यांचे चेहरे तर त्यांनी पुन्हापुन्हा काढले.
आधीचे मनासच येईनात.

सोबत नाट्यगृहात अर्धवेळ काम.
प्रेक्षकांना जागा दाखवायची, मग घरी येऊन गेमला बसायचं.
घरखर्चाला मैत्रिणीचा मोठा आधार.
तेव्हा ‘एकट्यानं’ म्हणताना तिला विसरू नये, असं आपलं मला वाटतं.

सुमारे साडेचार वर्षं गेली.
२०१६ मध्ये गेम आला, लाखोंनी घेतला.
बरोन मात्र पुढेही त्यात भर घालत राहिले.
तीही जादा पैसे न घेता.