स्वस्त प्रेस घेतला, आता आधी काय बदलायचं?

सोयाबीनची मळणी सुरू झाली की खामगाव, चिखली, मेहकरकडच्या वर्कशॉपमध्ये थ्रेशरची बेअरिंगं येऊ लागतात. त्यासाठी बॉटल जॅकवाला 20 टनी स्वस्त प्रेस घेतला, की पहिला विचार येतो 30 टनी जॅक बसवायचा. ते करू नका. फ्रेम, पिना, वेल्डिंग, सगळं 20 टनांच्याच हिशोबाचं असतं.

पैसे आधी खालच्या पट्ट्यांवर घाला. सोबत आलेल्या पट्ट्या बऱ्याचदा बिडाच्या असतात. बीड वाकत नाही, एकदम फुटतं आणि तुकडा गोळीसारखा उडतो. माइल्ड स्टीलच्या जाड पट्ट्या कापून घ्या. त्या वाकतील, पण वाकताना दिसतील तरी.

मग गेज. जॅकला स्वतः भोक पाडत बसू नका, गेजची सोय असलेलाच जॅक घ्या. आतला पिस्टन 50 मिमीचा असेल तर क्षेत्रफळ साधारण 19.6 चौ. सेंमी. गेजवर दर चौ. सेंमीला 500 किलो दिसले, म्हणजे जवळपास 9.8 टन दाब. काटा चढतोय आणि बेअरिंग हलत नाही? थांबा. सर्कलिप काढायची राहिली असेल.

शाफ्टवर बेअरिंग चढवताना दाब आतल्या रिंगवरच द्यायचा. आणि चष्मा घातल्याशिवाय हँडलला हात नाही, कितीही घाई असो.