शाळेचा कॅमेरा : खंड्या की लेझीम?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या १९९६च्या बॅचने शाळेला कॅमेरा द्यायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं आणि तिथेच ते संपलं. गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर जे चाललंय ते इथल्या शिक्षकांनी वाचलेलं नाही, हे बरंच आहे. मुख्याध्यापक सरांना गॅदरिंग, निरोप समारंभ आणि बक्षीस समारंभाचे फोटो हवे आहेत. निसर्ग मंडळाच्या बाईंना मुलांना घेऊन सड्यावर आणि खाडीवर जायचंय, त्यांना पक्षी हवे आहेत. पैसे एकाच कॅमेऱ्याचे आहेत. आणि मी सुट्टीत पक्ष्यांमागे हिंडते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे, "तूच सांग" म्हणून मला इथे उभं केलंय.

ग्रुपवर चर्चा होऊन शेवटी दोन नावं उरली. दोन्ही कॅननची, दोन्ही २०२२ सालची, दोन्ही मिररलेस. आर सेव्हन आणि आर सिक्स मार्क टू. मिररलेस म्हणजे काय, तर जुन्या एसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असायचा, फोटो काढताना तो खटकन वर जायचा. तो आरसा गेला. आता सेन्सरला जे दिसतं तेच आपल्याला व्ह्यूफाइंडरमध्ये एका छोट्या पडद्यावर दिसतं. मुलांना शिकवायला हे सोपं, कारण फोटो काळा येणार की पांढरा पडणार ते बटण दाबायच्या आधीच कळतं.

दोघांची बॅटरी एकच, लेन्स बसवायचा माउंट एकच, मेनूही जवळपास सारखे. माणसाचा, प्राण्याचा, पक्ष्याचा डोळा शोधून तिथे फोकस धरून ठेवायची करामत दोघांतही आहे. खरा फरक आत आहे, सेन्सरमध्ये. आर सिक्सचा सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा, साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर. आर सेव्हनचा २२ बाय १५च्या आसपास. क्षेत्रफळात पहिला दुसऱ्याच्या अडीचपटीहून थोडा मोठा. गंमत अशी की मोठ्या सेन्सरवर पिक्सेल २४ मेगा आणि लहानावर साडेबत्तीस. म्हणजे लहान अंगणात जास्त ठिपक्यांची रांगोळी. आर सिक्सच्या एका मिलिमीटरमध्ये एका रेषेत साधारण १६७ ठिपके बसतात, आर सेव्हनच्या तेवढ्याच जागेत ३१२.

पक्षीवाल्यांचा जीव या ३१२वर आहे. छोटा खंड्या घ्या, आपल्या पुलाखाली बसतो तो निळा. चोचीपासून शेपटीपर्यंत १७ सेंटिमीटर भरतो. तो २० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ४०० मिलिमीटरची लेन्स आहे. गणित सोपं आहे : सेन्सरवर त्याचं चित्र पडतं ३.४ मिलिमीटरचं. सेन्सर मोठा असो की लहान, ते ३.४च राहतं, कारण ते लेन्स ठरवते. आता त्यावर ठिपके मोजा. आर सिक्समध्ये साडेपाचशेच्या थोडे वर, आर सेव्हनमध्ये हजाराच्या वर. स्मरणिकेत नीट छापायचा तर पहिला खंड्या पाच सेंटिमीटरचा होईल, दुसरा नऊचा. पहिल्यात निळा रंग दिसेल. दुसऱ्यात पिसांच्या कडा दिसतील, आणि चोचीत मासा असेल तर त्याचा डोळाही.

तेव्हा लांबचा, लहान पक्षी आणि भरपूर उजेड असेल तर आर सेव्हन जिंकतो, त्यात वाद नाही. मी भिगवणला गेले की तोच भाड्याने घेऊन जाते. लेन्स हलकी चालते, चालून चालून खांदा दुखत नाही. धनेशाची गोष्ट मात्र वेगळी. तो ६५ सेंटिमीटरचा दांडगा पक्षी. साठ मीटरवरच्या झाडावर असला तरी आर सिक्समध्ये सातशे ठिपके भरतो. बाईंनी मुलांना फक्त धनेशच दाखवायचं ठरवलं तर भांडणच मिटेल, पण तसं त्या करणार नाहीत.

आता हॉलमध्ये या. गेल्या डिसेंबरच्या गॅदरिंगला मी दोन्ही बॉड्या घेऊन मागच्या भिंतीशी उभी होते, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. आपला हॉल तुम्हाला माहीत आहे. स्टेजवर चार एलईडी, त्यातला एक जांभळा. लेझीम चालू असताना हात थिजवायचा तर शटर एक पाचशेांश सेकंदाला ठेवावं लागतं. २४-१०५ची एफ ४ लेन्स लावली तर आयएसओ १२,८००वर जातो. दोन्ही कॅमेऱ्यांत आकडे तेच, लेन्स तीच, मुली त्याच. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं. आर सेव्हनच्या फोटोत चेहऱ्यांवर रवा पसरल्यासारखा दाणा होता, आणि तो काढायला गेलं की केसांची एकच काळी टोपी होत होती. आर सिक्समध्ये दाणा होता, पण गजऱ्यातली फुलं वेगळी दिसत होती.

याचं कारण पावसात राहणाऱ्यांना सांगायला नको. अंगणात परात ठेवा आणि वाटी ठेवा, पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण सकाळी परातीत पाणी जास्त असतं. उजेडही तसाच. स्टेजचा तेवढाच भाग चौकटीत घेतला तर मोठ्या सेन्सरवर अडीचपट उजेड जमा होतो. भर दुपारी वाटीसुद्धा भरून वाहते, तेव्हा फरक कळत नाही. संध्याकाळी सातला कळतो.

इथे आपल्यातला एक हुशार मित्र, जो आत्ताही हात वर करतोय, म्हणेल की आर सेव्हन बराच स्वस्त आहे, वाचलेल्या पैशांत एफ १.८ची ५०ची लेन्स घ्या, ती एफ ४च्या जवळजवळ पाचपट उजेड आत घेते, म्हणजे अडीचपट गेले ते भरून निघाले आणि वर उरले. त्याचं गणित बरोबर आहे. मी ते करूनही पाहिलं. त्या लेन्सने काढलेले एकेकट्या मुलीचे चेहरे त्या दिवसातले सर्वांत सुंदर फोटो आहेत. पण एफ १.८ला आठ मीटरवर जेमतेम पावणेदोन मीटर खोलीच स्पष्ट येते. लेझमीच्या तीन रांगा असतात. पुढची रांग चकचकीत आणि तिसऱ्या रांगेतल्या मुली धुक्यात, असा फोटो घेऊन कुठल्या आईला दाखवायचा? शिवाय त्या लेन्सला झूम नाही आणि आर सेव्हनवर ती ८०सारखी वागते. मागून पूर्ण स्टेज बसत नाही, पुढे जावं तर पाहुण्यांच्या रांगेत डोकं येतं. मी लेन्स बदलत बसले तोपर्यंत दिंडी आली आणि गेली. नववीतल्या मुलांकडून तीच कसरत करून घ्यायला मी तयार नाही.

आणखी एक. आर सेव्हनच्या शटरचा आवाज मोठा आहे. निरोप समारंभात बाई बोलताना गळा भरून आला आणि मागून खटाखट सुरू झालं तर कसं वाटेल? म्हणून आवाज बंद करून इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचं म्हटलं, तर तिथे त्याची दुसरी अडचण आहे. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि आर सेव्हनला त्याला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. तेवढ्यात लेझीम पुढे गेलेली असते, मग सरळ दांडी विळ्यासारखी वाकते. क्रिकेटची बॅटही वाकते. स्वस्त एलईडी असतील तर फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण ते दिवे आपल्या डोळ्यांना कळत नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात. आर सिक्स साधारण दुप्पट वेगाने वाचतो. तोही यातून पूर्ण सुटलेला नाही, पण भाषणासाठी बिनआवाजी चालतो. नाचाला मात्र दोघांतही मेकॅनिकल शटरच ठेवा.

हे सगळं झाल्यावर मी कुठे आले ते सांगते. माझ्यासाठी घ्यायचा असता तर मी आर सेव्हन घेतला असता, डोळे मिटून. शाळेसाठी माझं मत आर सिक्स मार्क टूला आहे.

कारण खंड्याचे फोटो काढणारे खूप आहेत. या हॉलचे काढणारं शाळेशिवाय कुणी नाही. काल मी आपल्या बॅचचे सगळ्यांकडून आलेले जुने फोटो एकत्र लावत होते. दहावीचा ग्रुप फोटो आहे, स्टुडिओवाल्या काकांनी काढलेला, त्यात निम्म्या जणांनी डोळे मिटलेत. सहलीचे अकरा आहेत. आपल्या गॅदरिंगचे चार, चारही काळपट, फ्लॅश पोहोचला तेवढी पहिली रांग फक्त. आणि ज्यांनी आपली पाचही वर्षं घंटा दिली त्या शिपाईकाकांचा एकही नाही. एकही. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा इथे आलाय, त्याने मला सकाळी विचारलं, बाबांचा शाळेतला एखादा फोटो सापडला का. काका दिवसभर व्हरांड्यात आणि ऑफिसच्या दारात असायचे, म्हणजे सावलीत. आपल्या शाळेत महत्त्वाचं ते सगळं अर्ध्या उजेडात घडतं : वर्गातला कोपरा, पावसाळ्यातली प्रार्थना, बाईंच्या निरोपाचं हळदीकुंकू. तिथे मला वाटी नको, परात हवी.

बाई, तुमचं मी विसरलेले नाही. उरलेल्या पैशांत आरएफ १००-४०० लेन्स बसते, साडेसहाशे ग्रॅमच्या आतली, आठवीतली मुलगीही हातात धरून चालेल. आर सिक्सवर खंड्या पाच सेंटिमीटरचाच छापला जाईल, ते खरं. पण कोणता पक्षी आहे ही ओळख पटायला आणि नोंदवहीला तेवढा पुरतो. आणि या लेन्सचा एक गुण दुकानदार सांगत नाहीत : ती वस्तूच्या एक मीटरच्या आत जाऊन फोकस धरते, आणि ४००ला चित्र प्रत्यक्षाच्या चार दशांश आकाराचं पडतं. म्हणजे जूनमध्ये सड्यावर दीपकाडी फुलते तेव्हा चिखलात न झोपता तिचा फोटो येईल. सीतेची आसवं, चतुर, फुलपाखरं, सगळं. पावसाळी आभाळाखाली सड्यावर उजेड बेताचाच, आणि ही लेन्स ४००ला एफ ८, म्हणजे तिथेही मोठा सेन्सर उपयोगी पडेल. फक्त एवढं लक्षात ठेवा की बॉडीवर पावसाचे चार थेंब चालतात, या लेन्सवर नाही. छत्री धरायला एक मुलगा नेमावा लागेल. उद्या एखाद्या बॅचने आर सेव्हनची बॉडी दिली तर ह्याच लेन्स आणि ह्याच बॅटऱ्या तिला चालतील, हा हिशेबही मी मनात धरलाय.

आता खरी काळजी. आपल्याकडे कॅमेरा पडून मरत नाही, कपाटात मरतो. जून ते ऑक्टोबर लोखंडी कपाटात बंद राहिला की लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती काचेचा लेप खाते. चामड्याची किंवा कापडी बॅग तर ओल धरूनच ठेवते. त्यासाठी झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि ओल मोजायचं छोटं घड्याळ एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा, पुड्यांचा रंग बदलला की त्या भाजून पुन्हा वापरायच्या. आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा बाहेर काढायचाच, कार्यक्रम असो वा नसो. सर, किल्ली एकाकडेच राहिली तर हे होणार नाही. माझी विनंती आहे की एक किल्ली ऑफिसात आणि एक निसर्ग मंडळाकडे असावी, आणि कुणी कधी नेला याची वही मुलांनी ठेवावी.

डबा आणि पुड्या वर्गणीत धरलेल्या नाहीत, त्या मी आणल्यात. दोन्ही कॅमेरे आठवी 'अ'च्या वर्गात टेबलावर ठेवलेत, डिसेंबरचे दोन्ही फोटोही मोठे करून शेजारी लावलेत, कुठला कुणाचा ते लिहिलेलं नाही. जेवण झालं की तिकडे या, हातात घेऊन बघा, आणि मग हात वर करून काय ते ठरवू.