शाळेचा पत्ता

(भीमजयंती महोत्सवात केलेले भाषण)



आमचा व्यवसाय वैद्यकीचा. शिक्षणविषयक कायद्यांवर अधिकारवाणीने बोलावे अशी आमची योग्यता नाही. तरी संयोजकांचे निमंत्रण आम्ही स्वीकारले ते एका प्रसंगामुळे. आमच्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका बाईंनी तपासणी संपल्यावर दबकत विचारले, "डॉक्टर, नातवाच्या शाळेच्या अर्जावर तुमच्या घराचा पत्ता लिहिला तर चालेल का?" त्या शहरात राहतात, आम्ही उपनगरात. मध्ये मोटारीने दहा मिनिटांचे अंतर. आम्ही नकार दिला. ते कायद्याने गैर आहे, उघडकीस आल्यास मुलाचे नाव काढले जाते, वर फीही वसूल होऊ शकते, हे समजावून सांगितले. सांगितले ते खरेच होते. परंतु त्या गेल्यावर पुढच्या रुग्णास आत बोलावण्यास आम्हांस थोडा वेळ लागला.

सरकारी शाळा तर दोन्हीकडे आहेत. मग फरक कोठे पडतो? या देशात शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा त्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टमधील घरपट्टीतून उभा राहतो. घरे महाग असतील तेथे कराचा दर कमी ठेवूनही तिजोरी भरते. घरे स्वस्त असतील तेथे दर चढवूनही ती भरत नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील एजवूड डिस्ट्रिक्टमध्ये सुमारे २२,००० मुले होती आणि त्यांतील ९० टक्के मेक्सिकन वंशाची होती. शेजारचे अलामो हाइट्स श्रीमंतांचे. एजवूडचे लोक कर चढ्या दराने भरत. तरी १९६७-६८ साली, केंद्राची मदत धरूनही, एजवूडच्या मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत, तर अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४. पत्र्याचे काम करणारे डिमिट्रिओ रॉड्रिग्झ व इतर पालक न्यायालयात गेले. २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. ज्या थर्गुड मार्शल यांनी वकील म्हणून १९५४ साली ब्राउन खटला जिंकून वर्णभेदी शाळा बेकायदा ठरविल्या होत्या, ते आता न्यायमूर्ती होते. त्यांनी भिन्न मतपत्रिका लिहिली. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने असे ठरविले की, उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्यावाचून शहरातील शाळांचा वर्णभेद मोडण्याच्या योजनेत त्यांना ओढता येणार नाही. आमच्या घराची किंमत त्या दोन निकालांनी किती वाढविली असेल, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. घर पाहताना दलालास पहिला प्रश्न मात्र शाळेचाच केला होता. तुम्हीही केला असेल.

आपले न्यू जर्सी राज्य येथे निराळ्या वाटेने गेले. राज्याच्या घटनेत ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी परिपूर्ण व कार्यक्षम मोफत शाळांची हमी आहे. तिच्या आधारे १९७३ च्याच एप्रिलमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरपट्टीवर विसंबलेली पद्धत घटनाबाह्य ठरविली. विधिमंडळ टाळाटाळ करू लागले तेव्हा १ जुलै १९७६ पासून न्यायालयाने शाळांचा खर्चच थांबविला. काही दिवसांत राज्यात आयकर लागू झाला! पुढे १९८१ साली कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन व जर्सी सिटी येथील २० मुलांच्या वतीने अ‍ॅबट खटला उभा राहिला. १९९० चा निकाल सांगतो की, गरीब शहरांतील मुलामागे श्रीमंत उपनगरांइतका खर्च झाला पाहिजे आणि गरिबीने आलेल्या गरजांसाठी त्याहून अधिक. १९९८ साली तेथील तीन व चार वर्षांच्या मुलांना बालवाडी देण्याचा आदेश निघाला. २००८ च्या कायद्याने हे सूत्र बदलले, न्यायालयाने दुसऱ्या वर्षी ते मान्य केले. पण २०११ साली सरकारने हात आखडताच ५० कोटी डॉलर देण्यास त्यालाच भाग पाडावे लागले.

आता थोडे कटू बोलतो. आपल्याच संस्थेच्या पंगतीत आम्ही ऐकले आहे, "आपला कर त्या शहरांत का ओततात? त्या लोकांना शिकायचेच नसते." हे वाक्य कोणाचे आहे ते आपल्या वडिलांनी आपणांस सांगितलेले आहे. इतरांस दोष कशास द्यावा? एकदा कराचा कागद हाती आला तेव्हा आम्हीही त्याच्या जवळचेच काही बोललो होतो.

आम्ही मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलो. फळ्यावरचा खडू दिसत नसे, पावसाळ्यात वर्ग गळत असे. मलबार हिलची मुले आमच्या बाकावर आली नाहीत हेही खरे. परंतु मलबार हिलची घरपट्टी आणि वरळीच्या चाळींतली शाळा एकाच तिजोरीशी बांधलेली होती. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाचे दार राखीव जागेने उघडले. म्हणजे आमचे शिक्षण दोन्ही टोकांना दुसऱ्यांच्या कराने व कायद्याने झाले. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी पैशाचाच हिशेब मांडला होता. सरकार दारूच्या करातून लोकांकडून जेवढे घेते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. शाळेचे दार कायद्याने उघडले तरी आत फळा, मास्तर व पुस्तक असण्यास पैसा लागतो, हे त्यांना कोलंबियाला येण्यापूर्वीपासून ठाऊक होते.

त्या बाई अजूनही आमच्याकडे येतात. पत्त्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आम्हीही नाही. नातवाची धाकटी बहीण शहरातल्या मोफत बालवाडीत जाते, एवढे त्यांनी मध्यंतरी सांगितले.

राज्याच्या अर्थसंकल्पावर विधिमंडळाच्या समित्या दर वसंतात जनसुनावणी घेतात. नाव नोंदवून कोणासही बोलता येते. उपनगरातल्या करदात्यांनी येऊन शहरांतील शाळांचा निधी कापू नका म्हटले, तर समितीला ते जरा अनपेक्षित वाटेल. पुढच्या सुनावणीला जाण्याचे आम्ही ठरविले आहे. आमच्या मोटारीत आणखी चौघांना जागा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी जेवणानंतर चिटणिसांकडे नाव द्यावे.

जयभीम!