वेगाचा वर्ग : शिक्षा कोणाला, शिकवणी कोणाला?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगारांची परवड हे आपले नेहमीचे विषय. इंग्लंडातील मोटारचालकांना वेगमर्यादा मोडल्याबद्दल जी शिकवणी घ्यावी लागते, तिच्याशी समाजवादी कार्यकर्त्याला काय कर्तव्य आहे? माझे म्हणणे असे की, कर्तव्य आहे. सामान्य माणसाचा राज्यसंस्थेशी संबंध बहुधा मोठ्या तत्त्वांच्या प्रसंगी येत नाही. तो येतो तलाठ्याच्या कचेरीत, रेशनच्या दुकानात आणि रस्त्यावरच्या चौकात. तेथे राज्यसंस्था कोणाला दोषी धरते आणि कोणाकडे काणाडोळा करते, यावरून तिचे खरे स्वरूप ध्यानी येते.

प्रथम ही पद्धत समजावून घेऊ. इंग्लंड आणि वेल्समध्ये वेगमर्यादा ओलांडणाऱ्या चालकाला किमान शिक्षा म्हणजे १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन दोषगुण. तेथील भाषेत ‘पॉइंट’. तीन वर्षांत असे बारा पॉइंट जमले की न्यायालय सामान्यतः किमान सहा महिने परवाना काढून घेते. नवशिक्या चालकाचे पहिल्या दोन वर्षांत सहाच पॉइंट झाले तरी परवाना रद्द होतो. मात्र मर्यादाभंग अल्प असेल आणि आधीच्या तीन वर्षांत चालकाने अशी शिकवणी घेतलेली नसेल, तर पोलीस त्याला एक पर्याय देऊ शकतात. ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३५ ते ४२ मैलांच्या दरम्यान सापडलेला चालक साधारणपणे या पर्यायास पात्र ठरतो. काही तासांच्या वर्गास बसायचे, त्याचे शुल्क भरायचे. मग दंड नाही आणि पॉइंटही नाहीत. वर्गाला परीक्षा नसते. वेळेवर येणे आणि चर्चेत भाग घेणे एवढीच अट. २०२० च्या साथीनंतर बहुतेक वर्ग संगणकाच्या पडद्यावरच भरू लागले. वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे या वर्गांतून जातात.

आता चालकांची गाऱ्हाणी ऐकू. पहिले गाऱ्हाणे पैशाचे. शुल्क प्रांताप्रांतांत वेगवेगळे असते. पण ते बहुधा दंडाच्या रकमेच्या आसपासच असते. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. शुल्काची रक्कम मात्र वर्ग चालवणाऱ्या संस्थेकडे जाते आणि तिचा काही भाग खर्चाची भरपाई म्हणून पोलिसांना मिळतो. अशी आकारणी कायद्यात बसते की नाही, यावर तेथे बराच वाद झाला आणि अखेर २०२२ च्या कायद्याने तिला स्पष्ट आधार दिला. कायदेशीरपणाचा प्रश्न मिटला, संशय मात्र मिटला नाही. पकडणाऱ्याच्याच हाती पकडण्याचे उत्पन्न पडते, तेव्हा प्रामाणिक हेतूवरही लोक विश्वास ठेवीत नाहीत.

दुसरे गाऱ्हाणे वेळेचे. ज्याचे वेतन तासावर आहे त्याला वर्गाचे तास म्हणजे बुडालेली मजुरी. तिसरे गाऱ्हाणे असे की, पर्याय देणे हा पोलिसांच्या मर्जीचा भाग आहे, हक्काचा नव्हे. आणि चौथे, जे कोणी उघडपणे बोलून दाखवीत नाही पण मनात ठेवते : वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या प्रौढ माणसाला शाळकरी पोराप्रमाणे बसवून दिव्यांच्या खांबांवरून वेगमर्यादा कशी ओळखावी हे शिकवले जाते, याचा अपमान वाटतो. शिवाय पॉइंट चुकले तरी काही विमा कंपन्या ‘अशा वर्गाला बसला होता काय?’ असे विचारतातच.

ही गाऱ्हाणी खोटी नाहीत. तथापि त्यांवरून ‘वेगमर्यादा म्हणजे जनतेची लूट’ असा जो निष्कर्ष उजव्या गोटातील काही वृत्तपत्रे काढतात, तो आपण स्वीकारता कामा नये. रस्त्यावर चालकाखेरीज दुसराही पक्ष असतो, आणि तो बहुधा पायी चालत असतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेतील आकडे पाहा. ताशी २० मैलांनी जाणारी गाडी थांबायला १२ मीटर लागतात, ३० मैलांना २३ मीटर आणि ४० मैलांना ३६ मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर तिप्पट होते, कारण वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ व्या आणि ३६ व्या मीटरच्या मध्ये रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर चालकाची घाई, त्याचा अनुभव आणि त्याचा अपमान यांपैकी कशाचाही तेथे उपयोग नसतो. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर ३० ऐवजी २० मैलांची मर्यादा आली, तेव्हा तिच्या विरोधात चार लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज विधिमंडळाकडे गेला. ज्यांचे प्राण या मर्यादेने वाचले त्यांची सह्यांची मोहीम निघू शकत नाही. आपण वाचलो हे त्यांना ठाऊकच नसते. लोकशाहीत मोजल्या न जाणाऱ्या या मतांची बाजू कोणीतरी घेतली पाहिजे.

मग ही शिकवणी उपयोगी पडते काय? ब्रिटिश परिवहन खात्याने करवून घेतलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गाला बसलेले चालक पुन्हा वेगमर्यादा मोडताना सापडण्याचे प्रमाण, दंड व पॉइंट घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. मात्र अपघात कमी झाले असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध करता आले नाही. म्हणजे शिकवणी निरर्थक नाही, पण तो रामबाण उपायही नव्हे.

अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून या ठिकाणी थोडे शास्त्र सांगतो. गॅरी बेकर या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये गुन्हा आणि शिक्षा यांचे गणित मांडले. माणूस सापडण्याची शक्यता आणि शिक्षेचे ओझे यांचा हिशेब करतो आणि त्याप्रमाणे नियम मोडतो किंवा पाळतो, असा त्याचा आशय. या विचारात शिक्षा ही एक किंमतच होऊन बसते. इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. पूर्वी उशीर झाला की बाईंपुढे मान खाली जात असे. आता पैसे भरले की हिशेब मिटला. विशेष म्हणजे दंड काढून घेतल्यानंतरही पालक पूर्वीसारखे वेळेवर येईनात. एकदा कर्तव्याचे रूपांतर खरेदीत झाले की ते सहजी परत कर्तव्य होत नाही.

शिकवणीची कल्पना या दृष्टीने दंडापेक्षा वरच्या दर्जाची आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ती माणसाला गिऱ्हाईक न मानता नागरिक मानते. पैसे टाकून मोकळा हो असे न म्हणता बस आणि विचार कर असे म्हणते. परंतु तिच्यासोबत सर्वांना सारखे शुल्क लावले की जुना रोग मागच्या दाराने आत येतो. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते. म्हणजे १०० पौंड ही त्याची आठ तासांची मजुरी. कंपनीच्या संचालकाच्या लेखी ती एका जेवणाची किंमत. नवल असे की, प्रकरण न्यायालयात गेले तर तेथील दंड साप्ताहिक उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो, त्याला कमाल मर्यादा असली तरी. पण न्यायालयाबाहेर मिटवायचे तर राजा आणि रंक यांना एकच दर. फिनलंडने मात्र उत्पन्नाच्या प्रमाणात दंडाचे तत्त्व रस्त्यावर आणले आहे. २०२३ मध्ये तेथील ऑलंड बेटांवर ताशी ५० किलोमीटरच्या टापूत ८२ किलोमीटरने जाणाऱ्या एका कोट्यधीशाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. समान गुन्ह्याला समान वेदना, समान रक्कम नव्हे. हे समतेचे साधे अंकगणित आहे.

यापुढचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. या वर्गात कोण बसतो हे आपण पाहिले. कोण बसत नाही हे आता पाहू. कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडे चौदा दिवसांच्या आत नोटीस जाते. गाडी कंपनीची असेल तर नोटीस कंपनीला मिळते. कायदा कंपनीला एवढेच विचारतो की, गाडी कोण चालवीत होते? कंपनी चालकाचे नाव कळवते आणि तिचे काम तेथे संपते. त्या चालकाला त्या दिवशी किती पार्सले पोचवायची होती, प्रत्येक दारात किती मिनिटे धरली होती, उशीर झाल्यास त्याचे किती पैसे कापले जाणार होते, यांतील एकही प्रश्न त्या कागदावर नसतो. साडेतीन टनांहून जड मालमोटारींना तेथे वेळ व वेग नोंदवणारे टॅकोग्राफ यंत्र असते आणि साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. घरोघरी पार्सले वाटणाऱ्या लहान व्हॅनला हे यंत्र लागू नाही. त्यातले कितीतरी चालक कागदोपत्री ‘स्वयंरोजगारी’ असतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवले, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरूच्या अन्नवाटपाऱ्यांना संघटनेच्या सामुदायिक वाटाघाटीच्या संदर्भात तो दर्जा नाकारला. वेग मालकाच्या वेळापत्रकात जन्मतो आणि शिक्षा कामगाराच्या परवान्यावर उमटते. वर्गात घाईचे दुष्परिणाम शिकून चालक बाहेर पडतो, तेव्हा हातातल्या फोनवर तेच वेळापत्रक त्याची वाट पाहत असते.

आपल्याकडे वळू. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि केंद्र सरकारच्या अहवालानुसार यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे सोळाशे माणसे रस्त्यावर मरतात. म्हणजे त्यांच्यापेक्षा आपल्याला या विषयाची निकड कितीतरी अधिक. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने दंड वाढवले. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. परवान्यास अपात्र ठरलेल्या चालकाला तो परत मिळण्यापूर्वी उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागेल, अशीही तरतूद या कायद्यात आली. आपणही शिकवणीच्या वाटेवर पाऊल टाकले आहे, हे यावरून दिसते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी नव्या न्याय संहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चक्का जाम केला, आणि ते कलम जुलै २०२४ मध्ये बाकीच्या संहितेबरोबर अमलात आले नाही. त्या आंदोलनाचा गाभा हाच होता की, मालक, रस्ता, गाडीची अवस्था आणि कामाचे तास यांविषयी मौन बाळगणारा कायदा चालकाविषयी मात्र भरभरून बोलतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या किती चालकांना ती माहीत तरी होती, हे आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही ट्रक टर्मिनलवर जाऊन विचारा. आणि ‘दहा मिनिटांत घरपोच’ अशा जाहिराती आपल्या शहरांत झळकल्या, तेव्हा त्या दहा मिनिटांतला वेग कोणाच्या जिवावर विकला जात होता, हे सांगायला नको.

म्हणून कार्यकर्त्यांनी काय मागावे? दंड रद्द करा ही मागणी आपली नव्हे. ती बेफाम गाडी हाकणाऱ्या धनिकाच्या सोयीची आहे. आपली मागणी अशी असावी : पहिल्या किरकोळ चुकीला शिकवणीचा पर्याय पोलिसांच्या मर्जीवर नव्हे तर हक्क म्हणून मिळावा, दंड आणि शुल्क उत्पन्नाच्या प्रमाणात असावे, नोकरीवर असताना घडलेल्या चुकीच्या शिकवणीचे तास पगारी धरावेत, वसूल झालेल्या पैशाचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा आणि तो पादचारी मार्गांवर खर्च व्हावा, आणि ज्या कंपनीचे चालक वारंवार सापडतात तिच्या व्यवस्थापकाला वेळापत्रकासह जाब द्यावा लागावा. यांतील शेवटची मागणी सोडून बाकीच्या मान्य करायला सरकार कदाचित तयार होईल. आपला आग्रह शेवटचीवरच हवा.

मित्रहो, मराठीत ‘वर्ग’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि या विषयात दोन्ही लागू पडतात. एका वर्गाला वर्गात बसवून शहाणे करायचे आणि दुसऱ्या वर्गाने वेग ठरवायचा, अशी ही वाटणी आहे. रस्त्यावरचे मूल वाचवायचे असेल तर चालकाला शिकवावे लागेल, यात शंका नाही. पण त्याच बाकावर मालकालाही बसवावे लागेल, आणि ते काम वाहतूक पोलीस करणार नाहीत. ते संघटनेचे काम आहे.