कामांतील विसावा



शहरांतील सुशिक्षित गृहस्थास विसाव्याविषयीं विचारलें, तर तो बहुधा एकच उत्तर देतो: "हातांतलीं कामें संपूं द्या, मग पाहूं." परंतु कामें संपत नाहींत. सकाळची गाडी, कचेरी, मुलांचा अभ्यास, घरचें आजारपण, मंडळीची सभा, ह्यांत आठवडा सरतो. आणि रविवारच्या उपासनेंतही मन सोमवारच्या कामांत गुंतलेलें असतें. अशा माणसास ख्रिस्ती धर्मांत विसावा आहे काय, आणि असल्यास तो कोठें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रभु येशूचें जीवन निवांत होतें, अशी पुष्कळांची समजूत असते. मार्काचें शुभवर्तमान वाचल्यावर ती टिकत नाहीं. पहिल्याच अध्यायांत कफर्णहूम गांवीं शब्बाथ दिवशीं सभास्थानांत उपदेश होतो, शिमोनाच्या सासूचा ताप उतरतो, आणि सूर्यास्तानंतर सारें गांव दाराशीं लोटतें. दुसऱ्या दिवशीं पहाटे, अंधार असतांच, येशू एकांतांत जाऊन प्रार्थना करतो. सर्व लोक आपणांस शोधीत आहेत, असें शिष्य येऊन सांगतात. तेव्हां तो त्या गर्दीकडे परतत नाहीं. जवळच्या इतर गांवीं जाण्याचें ठरवितो. कोणतें काम आपलें व कोणतें नव्हे, हें एकांतांत उमगतें. विसाव्याचें पहिलें फळ हेंच.

सहाव्या अध्यायांतील प्रसंग याहून बोधप्रद आहे. कामगिरीवरून परतलेल्या प्रेषितांस जेवावयासही सवड नव्हती. म्हणून येशू त्यांस होडींतून निर्जन स्थळीं नेतो. पण लोक पायीं धांवत जाऊन त्यांच्या आधींच तेथें पोहोंचतात! योजिलेला विसावा मोडला. तरी येशू त्रासला नाहीं. त्यास लोकांचा कळवळा आला. त्यानें त्यांस शिकविलें, पांच हजार पुरुषांस जेवूं घातलें. मात्र विसावा लांबला, सुटला नाहीं. सर्वांस निरोप देऊन तो डोंगरावर प्रार्थनेस गेला. आपण नेमकें उलट करतों. एक दिवस नेम चुकला कीं नेमच सोडून देतों.

आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंचें उदाहरण आहे. दुष्काळांतून आणलेल्या शेकडों मुलींचा संसार केडगांवीं सांभाळीत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि १९२२ मध्यें देहावसान होण्यापूर्वीं बायबलाचें मराठी भाषांतर पुरें केलें. सवड मिळण्याची वाट पाहिली असती, तर देववचनाचा हा सहवास त्यांस घडता ना.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायांत थकल्याभागल्यांस विसाव्याचें आमंत्रण आहे. पण लगेच जूं घेण्यासही सांगितलें आहे. जूं हें तर कष्टाचें साधन! आपल्या शेतकऱ्यास यांतील मर्म सहज कळेल. नवख्या बैलास तो जाणत्या बैलाशेजारीं जुंपतो. चाल जाणत्याची, नवख्यानें पाऊल मिळवावयाचें. काम सुटत नाहीं. एकट्यानें ओढण्याची चिंता सुटते.

आणखी एक गोष्ट गृहस्थांनीं ध्यानांत घ्यावी. निर्गमाच्या विसाव्या अध्यायांतील शब्बाथाची आज्ञा केवळ घरधन्यासाठीं नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें आणि वेशीच्या आंतला परका, ह्या सर्वांसाठीं आहे. मग रविवारीं आपण आरामखुर्चींत धर्मपुस्तक घेऊन बसावें, आणि घरच्या बाईनें व मोलकरणीनें चुलीपाशीं दुपारपर्यंत राबावें, हा विसावा कोणाचा? दुसऱ्याच्या पाठीवर लादलेला विसावा प्रभूचा नव्हे. त्या दिवशीं साधा वरणभात करावा, भांडीं सर्वांनीं मिळून घासावीं, हीदेखील उपासनाच.

उद्यां सकाळीं घरांतील गडबड सुरू होण्यापूर्वीं दहा मिनिटें काढा. शुभवर्तमानांतील चार ओळी वाचा, दिवसाचीं कामें प्रभूपुढें मांडा, आणि त्यांतील कोणतीं खरोखर आपलीं आहेत, हें त्यास विचारा. सकाळीं जमलें नाहीं, तर रात्रीं बसा, पण बसा. कामें तींच राहतील. तीं ओढतांना शेजारीं कोणी आहे, एवढें मात्र कळेल.