मानशीवरची सोबत

गोव्यातले खाजण म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली सखल भातजमीन. बांधातील ‘मानस’ ह्या दरवाजाची लाकडी झडप भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. त्या धारेत जाळे लावले, की शेवटे, काळुंदरे, सुंगटे सापडतात. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कधी ऐन मध्यरात्रीही मानशीवर जागावे लागते. सोबतीला शेजारचा शेतकरी असला, तर रात्र सरते! मात्र अधिक मासळीच्या लोभाने कोणी भरतीलाही झडप उघडी ठेवली, तर खारे पाणी त्याच सोबत्याच्या भातात शिरते. कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भातही त्यापुढे फार दिवस तगत नाही. मग बांधाला भगदाड पडले, तर चिखलाची पाटी घेऊन कोणी कोणाच्या हाकेला धावावे?