आधी टॉर्च मारून बघा

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



सॉफ्टवेअर इंजिनिअर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेल. मी भंगारावर बोलणार आहे.

माझ्या मामूंचा कुर्ल्यात भंगाराचा गाळा होता. इंजिनिअरिंगच्या सुट्ट्यांत मी तिथे जाऊन बसायचो. माझ्याहून लहान एक पोरगा दिवसभर एलसीडी मॉनिटर फोडायचा. लोखंडी पत्रा एका ढिगात, तांब्याची वायर दुसऱ्यात, सर्किट बोर्ड तिसऱ्यात. काच सरळ कचऱ्यात. आतून पेन्सिलीच्या शिशासारख्या बारीक काचेच्या नळ्या निघायच्या. त्या तो पायाखाली मोडायचा, कारण टक् टक् असा मजेशीर आवाज यायचा. मीही मोडल्यात. त्या नळ्यांमध्ये पारा असतो हे शेवटच्या वर्षाला असलेल्या मला माहीत नव्हतं. त्या पोराला कोण सांगणार?

साधारण २०१० पर्यंतच्या बहुतेक एलसीडी पडद्यांच्या मागे अशाच नळ्यांचा उजेड असायचा. पुढे एलईडी आले. एका नळीत पारा काही मिलिग्रॅमच असतो. तुमच्या घरात एखादी फुटली तर खिडक्या उघडून आणि तुकडे काळजीपूर्वक उचलून भागतं. पण खिडकी नसलेल्या गाळ्यात रोज वीस-पंचवीस नळ्या फोडणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. कुर्ला असो, साकीनाका असो की दिल्लीचं सीलमपूर, या कामावरचे हात बरेचसे आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आपण मुस्लिमांचं असंघटित कामातलं प्रमाण वाचतो, त्यावर चर्चासत्रं घेतो. त्या आकड्यातला एक माणूस नळ्या मोडत बसलेला असतो.

आता पडद्याकडे येतो. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. मागे दिवा, त्यापुढे उजेड सारखा पसरवणारी ॲक्रिलिकची पाटी, आणि पुढे दोन काचा. त्यांच्या मधे काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकांचा थर. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप असतो, त्यातून वीज जाते. इंडियम हा दुर्मीळ धातू जस्त शुद्ध करताना उपपदार्थ म्हणून मिळतो, आणि जगात त्याचा सर्वांत मोठा वापर याच लेपासाठी होतो. पण एका मॉनिटरमध्ये तो मिलिग्रॅममध्ये मोजावा इतकाच. आम्लं वापरून तो काढणं मोठ्या कारखान्याचं काम आहे, गाळ्यातलं नाही. लेप घासून किंवा जाळून बघू असं कुणाच्या मनात आलं तर त्याला थांबवा: या लेपाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झाल्याची उदाहरणं जपानमध्ये नोंदली गेली आहेत.

मग गाळ्यात काय करता येतं? दुरुस्ती! मेलेला म्हणून आलेला मॉनिटर बऱ्याचदा मेलेला नसतो.

वीज लावा, खोलीत अंधार करा आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनल शाबूत आहे, फक्त मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारा भाग गेला आहे. जुन्या मॉनिटरमध्ये चित्र दोन सेकंद येऊन गायब होतं, तेही बहुधा याच कारणाने. मागचं झाकण उघडलं की पॉवर बोर्डवरचे एक-दोन कपॅसिटर डोक्याकडून फुगलेले दिसतात. ते बदलायला काही रुपये लागतात. (प्लग काढल्या काढल्या हात घालू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये जवळपास तीनशे व्होल्ट साठून राहतात. शिकलेल्या माणसाशेजारी बसूनच पहिले चार मॉनिटर उघडा.) लॅपटॉप गेला पण पडदा चांगला आहे, तर त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पॅनल क्रमांक घेऊन लॅमिंग्टन रोडला जा. त्या क्रमांकाला जुळणारा कंट्रोलर बोर्ड मिळतो, आणि पडद्याचा एचडीएमआयवाला मॉनिटर होतो.

काचच फुटली असेल तरी एलईडीवाल्या पडद्याची मागची बाजू वाया जात नाही. माझ्या खालाने अशा एका पॅनलचं नक्षी गिरवायचं टेबल करून घेतलंय. जरीकामाचं डिझाइन खाली, कापड वर, आणि खालून उजेड. नळीवाला पडदा असेल तर मात्र तो आख्खाच्या आख्खा अधिकृत केंद्राकडे.

आमच्या धंद्याचा दोषही सांगतो. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे चालू असलेले साठेक मॉनिटर एका दिवसात भंगारात गेले. कारण? नव्या लॅपटॉपना व्हीजीए पोर्ट नव्हता. मधे लावायचा कन्व्हर्टर काहीशे रुपयांना मिळतो. मी हे बोललो, पण ईमेल लिहिला नाही. लिहायला हवा होता.

कायद्याचंही थोडं सांगतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी कंपन्यांवर आहे आणि त्यासाठीची प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम या चार धातूंवर मिळतात. काच नाही, इंडियम नाही. म्हणजे पुन्हा तेच, हातोडीने जे वेगळं होतं त्यालाच किंमत. दुरुस्तीला त्यात जागा आहे. नोंदणीकृत दुरुस्तीवाल्याच्या प्रमाणपत्रामुळे कंपनीची जबाबदारी पुढे ढकलली जाते. पण त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मामूंसारख्या माणसाला तो फॉर्म भरता येत नाही, तुम्हाला येतो. इथे बसलेल्यांपैकी पाच जणांनी आपल्या वस्तीतल्या एकेका दुकानदाराबरोबर बसून तो वाचला, कुठे अडतं ते लिहून काढलं, तर मंडळाकडे आपण काहीतरी नेमकं घेऊन जाऊ शकू.

मागच्या टेबलावर तीन मॉनिटर ठेवलेत. दोन मी तपासलेत. तिसऱ्याचं काय बिघडलंय ते मलाही कळलेलं नाही. चहा झाला की उघडू. कुणाकडे टॉर्च आहे?